चिवड्याखालच्या गोळ्या

ऑक्टोबरची पहिली तारीख होती. नेकारसुल्ममधल्या एका डॉक्टरीणबाईंच्या प्राक्सिसचं, म्हणजे दवाखान्याचं, दार आठला उघडतं, आणि पावणेआठपासून दारात थांबलेल्या पाच जणांमध्ये स्वरूपा दिवेकर तिसरी होती. पर्समध्ये विम्याची तीन कार्डं होती. एक तिचं, एक साडेचार वर्षांच्या ईप्सिताचं आणि एक नवऱ्याचं. जर्मनीत दर तीन महिन्यांनी नवा क्वार्टाल सुरू होतो, आणि तो सुरू झाला की कार्ड एकदा प्राक्सिसच्या यंत्रात घालून यावं लागतं. एवढं केलं की पुढचे तीन महिने घरबसल्या ईमेल पाठवायची, नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी मागायची, ती परस्पर कार्डावर चढते, आणि औषधाच्या दुकानात कार्ड दिलं की गोळ्या हातात. कार्ड घालायला विसरलात तर मात्र घोडं तिथेच अडतं. स्वरूपा पाच वर्षांत एकदाही विसरली नव्हती.

तिच्या थायरॉइडच्या गोळ्या, ईप्सिताचा दम्याचा फवारा, कुठलं औषध किती दिवसांनी संपणार, हे तिला तोंडपाठ होतं. आसपासच्या मराठी मंडळींचंही तीच बघायची. कुणाचे सासू-सासरे पुण्याहून आले आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरीच विसरले, कुणाला जर्मन येत नाही, कुणाला प्राक्सिसच्या फोनवरच्या बाईंची भीती वाटते, की सगळे स्वरूपाला मेसेज करायचे. ती ईमेल लिहून द्यायची. परोपकाराची हौस होती आणि त्यात थोडा मानही होता, तो तिला आवडायचा.

खिडकीतल्या रिसेप्शनिस्ट फ्राउ लांगेंनी दोन कार्डं यंत्रात घालून परत दिली. तिसरं हातात धरून त्या हसल्या.

"तुमच्या नवऱ्याचं कार्ड तुम्ही दर वेळी आणता. पण ते स्वतः कधीच येत नाहीत."

"त्याला काही होतच नाही," स्वरूपा म्हणाली. "साधी सर्दीसुद्धा नाही."

हे ती अभिमानानं म्हणाली. आपल्याकडे निरोगी नवरा हे बायकोचंच कर्तृत्व समजतात, आणि जर्मनीत राहून ही समजूत जात नाही.

आता वाचकांना जे स्वरूपाला ठाऊक नव्हतं ते सांगून टाकतो, कारण लपवाछपवीच्या गोष्टीत आपणही लपवाछपवी करावी हे मला पटत नाही. यशोधन दिवेकरला तेराव्या वर्षापासून फिट यायच्या. सोळाव्या वर्षी नीट औषध लागू पडलं आणि फिट थांबल्या. सकाळी एक आणि रात्री एक, अशा दोन गोळ्या घेतल्या की तो तुमच्याआमच्यासारखा. इंजिनिअर झाला, जर्मनीतल्या मोटारीच्या कारखान्यात लागला, ब्रेकच्या चाचण्या घेऊ लागला. अठरा वर्षांत एकही फिट नाही.

लग्न ठरवताना त्यानं आईला विचारलं होतं, मुलीला सांगूया ना. मालिनीताई म्हणाल्या, आधी लग्न होऊ दे, मग सावकाश सांगू. पत्रिकेतले गुण बघितले, मुलाचा पगार बघितला, मुलीची उंची बघितली. तब्येतीचं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. लग्न झालं. मग मुलगी इथे रुळू दे, मग बाळ होऊ दे, मग बाळ जरा मोठं होऊ दे. तो 'सावकाश' सहा वर्षं चालला होता.

गोळ्यांची सोय मालिनीताईंनी लावली होती. पुण्यातला ओळखीचा औषधवाला नऊ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर गोळ्या द्यायचा. त्या वेष्टनातून काढून, कागदात पुडकं बांधून, चिवड्याच्या डब्याच्या तळाशी ठेवायच्या. वर चिवडा. जर्मनीला जो कुणी निघालेला असेल त्याच्या हातात डबा द्यायचा, "आमच्या यशोधनला माझ्याच हातचा लागतो हो," असं म्हणत. डबा आला की यशोधन तो स्वतः रिकामा करायचा आणि गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरायचा. इथल्या डॉक्टरकडे कधी गेला नाही, कारण गेलं की कागद होतो, कागद झाला की तो पोस्टाने घरी येतो, आणि घरातली सगळी पाकिटं स्वरूपा फोडते. शिवाय फिटचं कळलं तर गाडीचं लायसन्स जाईल, लायसन्स गेलं तर नोकरी जाईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. खरं काय ते विचारायची त्याची छाती नव्हती.

स्वरूपाच्या माहेरचंही थोडं सांगायला हवं. तिच्या थायरॉइडचं तिच्या आईने लग्नाआधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर चाळीस दिवस ती न्हाणीघराची कडी लावून गोळी घेत होती. एकेचाळिसाव्या दिवशी तिनं न राहवून नवऱ्याला सांगितलं, तेव्हा यशोधन म्हणाला, "एवढंच ना? त्यात काय." त्या दिवसापासून तिला वाटत होतं की आपल्याला देवमाणूस मिळाला. आपणही आपलं सांगून टाकावं हे त्या देवमाणसाच्या ओठांवर आलं होतं आणि त्यानं ते गिळलं होतं.

त्याच दिवशी, बुधवारी, रात्रीची गोळी घेतल्यावर बाटलीत पंधरा गोळ्या उरल्या. रविवारी रुपेश येणार होता. हा कार्ल्सरूहेला शिकणारा मुलगा, मालिनीताईंच्या शेजाऱ्यांचा भाचा. त्याच्याबरोबर दिवाळीचा डबा निघाला होता, त्यामुळे यशोधन निर्धास्त होता.

सोमवारी दुपारी कारखान्याच्या पार्किंगमध्ये त्याला आईचा फोन आला.

"अरे, त्या रुपेशनं डबा एअरपोर्टवरच काढून ठेवला. सामान जास्त भरलं म्हणे."

"काढून ठेवला म्हणजे?"

"सोडायला आलेल्या मामाच्या हातात दिला. म्हणाला, घरचा चिवडाच तर आहे, तिकडे दुकानात मिळतो."

"अगं, त्याला काही सांगितलं नव्हतंस?"

"काय सांगणार होते मी? चिवड्याखाली माझ्या मुलाच्या फिटच्या गोळ्या आहेत, सांभाळून ने, असं?" मालिनीताईंचा आवाज चिरकला. "त्या मामांना, मोहनरावांना, फोन केला. ठाण्याला राहतात. म्हणाले चिवडा फार छान झाला होता. खाली कसल्या तरी सुट्या गोळ्या निघाल्या, त्या मुलांच्या हाती लागायला नकोत म्हणून फेकून दिल्या."

यशोधन गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे सहा गोळ्या उरल्या होत्या.

"कुरिअरनं पाठव."

"विचारलं. डॉक्टरची ताजी चिठ्ठी मागतात, आणि तिकडे कस्टममध्ये अडकलं तर पत्र घरी येईल म्हणतात. वीस तारखेला बाबांच्या बँकेतले एक जण निघालेत. तेवढे दिवस काढ कसे तरी."

"चौदा दिवस आहेत, आई. मी स्वरूपाला सांगतो. ती उद्या सकाळी आठला इथल्या डॉक्टरकडून गोळ्या आणून देईल. तिचं ते रोजचंच काम आहे."

मालिनीताई हळू आवाजात बोलू लागल्या, आणि हा आवाज यशोधनला लहानपणापासून माहीत होता.

"हे बघ राजा. वैभवीचा साखरपुडा नोव्हेंबरात आहे. उत्कर्षसारखं स्थळ परत यायचं नाही. तोही जर्मनीतच, आखनला, तू तिकडे, तुमच्या मंडळींचे ते ग्रुप. स्वरूपा काय मुद्दाम करेल असं मी म्हणत नाही. पण तिला धक्का बसणार, ती आईला सांगणार, आई बहिणीला. उत्कर्षच्या घरी कळलं की भावाला फिट येतात, तर ते म्हणतील घराण्यातच आहे. बहिणीचं लग्न तुझ्यामुळे मोडलेलं चालेल का तुला?"

आपल्या समाजात आजारी माणसाला आजारापेक्षा हा प्रश्न जास्त छळतो. यशोधननं फोन बंद केला. अठरा वर्षं एक ओझं वागवलं की तेच आपलं अंग वाटू लागतं. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या सुरीनं त्यानं गोळ्या अर्ध्या केल्या. सहाच्या बारा झाल्या. असं केल्यानं दिवस वाढतात, औषध वाढत नाही, हे ब्रेकच्या चाचण्या घेणाऱ्या इंजिनिअरला कळत नव्हतं असं नाही.

मंगळवारी त्याचे हात थरथरले. बुधवारी मीटिंगमध्ये एक वाक्य बोलता बोलता तो कुठे होता तेच विसरला, आणि समोरचा जर्मन सहकारी "हं, आणि मग?" असं विचारत राहिला. सोळाव्या वर्षापूर्वीची ती जुनी खूण, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव, त्याला पुन्हा जाणवली. त्याची पाचावर धारण बसली.

गुरुवारी सकाळी कारखान्यात उशिरा येतो असं कळवून तो स्वतः प्राक्सिसमध्ये गेला. स्वरूपाच्या पर्समधून आपलं कार्ड गुपचूप काढून घेतलं होतं.

फ्राउ लांगेंनी कार्डावरचं नाव वाचलं. "अखेर आलात. काय हवं आहे?"

त्यानं मोबाइलवर गोळीचं नाव दाखवलं. "याची पुन्हा चिठ्ठी हवी आहे, फोल्गेरेत्सेप्ट. नेहमीचं औषध आहे."

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला. "हे तुम्हाला आमच्याकडून कधीच दिलेलं नाही. जे एकदा दिलंय तेच पुन्हा मागता येतं. पहिल्यांदा डॉक्टरांना भेटावं लागेल. किती गोळ्या उरल्यात?"

"सहा अर्ध्या."

"अर्ध्या?" त्या उठून उभ्या राहिल्या. "हे बघा, तुम्ही आता कुठेही जायचं नाही. समोर बसा. डॉक्टर या पेशंटनंतर तुम्हाला बघतील. वीस मिनिटं."

वीस मिनिटं. दार समोर होतं, दारामागे डॉक्टर होत्या, आणि औषधाचं दुकान रस्ता ओलांडून पलीकडे होतं. यशोधन खुर्चीत बसला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला जरा मोकळं वाटलं. घाईत असलेल्या माणसाप्रमाणे त्यानं पाठ भिंतीला टेकली नाही, एवढंच.

दहाव्या मिनिटाला दार उघडलं आणि शोभना काकू आत आल्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, बोलक्या, सगळ्यांच्या चौकशा करणाऱ्या. हातात स्वरूपानंच लिहून दिलेला कागद होता.

"अरे यशोधन? तू इथे कसा? बरं नाही का?"

खोलीत सहा माणसं होती, त्यांतलं एकही मराठी नव्हतं. मराठी माणूस एकच आलं होतं, आणि ते पुरेसं होतं. आत्ता फ्राउ लांगे नाव पुकारतील, आपण आत जाऊ, काकू घरी जाऊन सुनेला सांगतील, सून स्वरूपाला विचारेल, यशोधनला काय झालंय गं. सुतावरून स्वर्ग गाठायला आपल्या माणसांना वेळ लागत नाही. तो उठला.

"छे छे, काकू. स्वरूपाचं काम होतं, झालं. निघालोच."

"गुणी आहेस हो," काकू म्हणाल्या. "बायकोचं औषध आणायला येणारे नवरे किती असतात?"

तो निघून गेला. फ्राउ लांगेंनी दोनदा त्याचं नाव पुकारलं. मग दिलेल्या नंबरवर फोन केला. त्यानं तो घेतला नाही. शोभना काकूंना दोष देण्यात अर्थ नाही, त्या बिचाऱ्या गुडघ्याच्या मलमासाठी आल्या होत्या. पण बरं नसल्याचं कबूल करण्यापेक्षा मरण पत्करलेलं बरं, असं ज्या समाजात एका शिकल्यासवरल्या माणसाला दहा सेकंदांत वाटतं, त्या समाजातले आपण सगळेच त्या खोलीत बसलेलो होतो.

शुक्रवारी दुपारी स्वरूपाचा फोन आला. हाइलब्रोनच्या तिच्या ऑफिसातली मीटिंग लांबली होती, आणि ईप्सिता किटात, म्हणजे बालवाडीत, होती. "किटामधून ईप्सिताला तू घेशील? चारला बंद होतं."

नाही म्हणायला कारण हवं, आणि कारण सांगता येत नव्हतं. बसनं जाईन म्हणावं तर बसनं वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. सकाळपासून एकदाही हात थरथरलेला नव्हता, एवढ्या बळावर त्यानं गाडीची किल्ली उचलली. तो ताशी चाळीसच्या वर गेला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी गेला नाही.

ईप्सिताला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, तो ओढून पाहिला. शाळेत काय केलं विचारलं. ती जर्मनमध्ये सांगू लागली की आज त्यांनी पानं गोळा केली. त्यानं गाडी सुरू केली. पार्किंगमधून बाहेर वळताना तोंडात ती चव आली. ब्रेकवर पाय ठेवायला हवा हे त्याला शेवटचं कळलं, पण पाय त्याचा राहिला नव्हता.

गाडी फुटपाथवर चढली, किटाचं लाकडी कुंपण मोडून आत गेली आणि घसरगुंडीच्या खांबावर आदळून थांबली. पाच मिनिटांपूर्वी तिथे अकरा मुलं खेळत होती. ती तेव्हा जाकिटं घालायला आत गेलेली होती. हे नशीब म्हणायचं की काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं. ईप्सिताच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. ती रडत नव्हती. पुढच्या सीटवर वडिलांचं अंग झटके देत होतं, तोंडातून फेस येत होता, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

स्वरूपा टॅक्सीनं पोहोचली तेव्हा यशोधन अँब्युलन्समध्ये होता आणि त्याला दुसरी फिट आलेली होती. पहिली पुरती ओसरण्याआधीच आलेली. तरुण इमर्जन्सी डॉक्टरनं तिला दारातच विचारलं.

"तुम्ही पत्नी? यांना फिटचा आजार आहे का?"

"नाही."

"पूर्वी कधी?"

"कधीच नाही."

"रोजची औषधं कोणती?"

सगळ्या गावाची औषधं जिला तोंडपाठ होती ती स्वरूपा ठामपणे म्हणाली, "कुठलीच नाही. फक्त व्हिटॅमिन घेतो."

डॉक्टरनं सहकाऱ्याकडे पाहिलं. मग मेंदूतला रक्तस्राव असेल, स्ट्रोक असेल, विषबाधा असेल, अशी बोलणी सुरू झाली. फोन झाले. कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं यावर चर्चा झाली. यशोधनचे ओठ निळे पडत चालले होते. स्वरूपाच्या त्या एका वाक्यानं सगळे भलत्या वाटेला लागले होते, आणि ते वाक्य तिनं अगदी खरेपणानं उच्चारलेलं होतं.

"व्हिटॅमिन कुठलं?" डॉक्टरच्या मदतनीस मुलीनं विचारलं. "बघू दे."

बाटली त्याच्या बॅगेत होती. मुलीनं ती हातमोज्यावर उलटी केली. चार तुकडे पडले. सुरीनं कापलेल्या चार अर्ध्या गोळ्या. तिनं एक तुकडा दिव्याखाली धरला, त्यावरची अक्षरं वाचली आणि डॉक्टरला दाखवली.

"व्हिटॅमिन कुणी कापून घेत नाही," ती म्हणाली.

डॉक्टर स्वरूपाकडे वळला. त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती तिला जास्त लागली.

पुढचे दोन दिवस यशोधन अतिदक्षता विभागात होता. एका मजल्यावर नवरा, दुसऱ्या मजल्यावर मुलगी, आणि मधल्या जिन्यात स्वरूपा. ती रडली नाही. तिला वेळ नव्हता, आणि काय म्हणून रडायचं तेही कळत नव्हतं. एका पायरीवर तो मरेल ही भीती वाटायची, आणि पुढच्याच पायरीवर त्याचा असा संताप यायचा की कठडा धरून उभं राहावं लागायचं. सहा वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाची एक गोळी तिला ठाऊक नव्हती. आपल्या लेकराला त्या गाडीत बसवायला तिनंच फोन केला होता.

तिसऱ्या दिवशी यशोधन बोलू लागला. मेंदूच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं विचारून घेतलं, आणि शेवटी विचारलं, "इथल्या डॉक्टरकडे आला का नाहीत?"

"गाडीचं लायसन्स गेलं असतं," यशोधन म्हणाला.

"अठरा वर्षं फिट नाही, गोळ्या नियमित. तुम्हाला गाडी चालवायला कुणी अडवलं नसतं." डॉक्टरांनी फाइल मिटली. "आता अडवावं लागेल."

यशोधननं डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मालिनीताईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे सासरे, दत्तात्रय, मान खाली घालून बसले होते. मालिनीताई खूप रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. तीन रात्री देवासमोर बसून काढल्या होत्या त्यांनी. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"स्वरूपा, माझं चुकलं. पण आता एक ऐक. कुणी विचारलं तर शुगर लो झाली म्हणून सांग. हॉस्पिटलचा तो कागद तुमच्या डॉक्टरकडे देऊ नका, नाहीतर कायमचं रेकॉर्डवर येईल. गोळ्या मी पाठवत जाईन, आता दोन-दोन जणांबरोबर पाठवेन. वैभवीचं लग्न पार पडू दे, मग सगळ्यांना सावकाश सांगू."

"आई, ईप्सिताचं हाड मोडलंय," स्वरूपा म्हणाली.

"माहीत आहे गं. माझ्या काळजाला काय होतंय ते मलाच ठाऊक. पण मोडलेलं हाड जुळतं. मोडलेलं लग्न जुळत नाही." मग त्यांचा सूर बदलला. "आणि तुझ्या आईनं तरी थायरॉइडचं कुठं सांगितलं होतं?"

दत्तात्रय पहिल्यांदाच बोलले. "अगं, पुरे झालं आता."

"नव्हतं सांगितलं," स्वरूपा म्हणाली. "तिचं चुकलं. माझंही चुकलं, मीही कडी लावून गोळी घ्यायचे. म्हणून तर आता पुरे म्हणतेय. मी कुणाला शुगर सांगणार नाही. उत्कर्षला खरं काय ते कळलं पाहिजे, आणि ते साखरपुड्याच्या आधी. तो नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. माझा तो हक्क तुम्ही सगळ्यांनी मिळून हिरावून घेतलात."

मालिनीताईंनी फोन ठेवला.

यशोधन उशीवरून तिच्याकडे बघत होता. "थोडं थांब ना गं," तो म्हणाला. "लग्न एकदा होऊ दे."

आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. स्वरूपा खुर्चीतून उठली.

"मी उत्कर्षला फोन करणार नाही. तुझ्या गोळ्यांसाठी प्राक्सिसला ईमेलही करणार नाही. गावभर सगळ्यांसाठी केली, तुझ्यासाठी करणार नाही. तुझा आजार आहे, तुझ्या तोंडानं सांग. आणि मी तुझ्याबरोबर राहीन की नाही, हे आज विचारू नकोस. मला माहीत नाही."

पुढच्या गुरुवारी ते तिघं प्राक्सिसमध्ये गेले, बसनं. ईप्सिताचा हात झोळीत होता. बसमध्ये ती आईच्या मांडीवर बसली होती, बाबांच्या शेजारची जागा रिकामी असतानाही. सकाळची वेळ, खोली भरलेली. कोपऱ्यात शोभना काकूंची सून पेपर चाळत होती, तिनं मान वर केली.

"काय हवं आहे?" फ्राउ लांगेंनी विचारलं.

यशोधननं सवयीनं स्वरूपाकडे पाहिलं. जर्मनमध्ये काही बोलायचं असलं की नेहमी तीच बोलायची. ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या कागदाकडे बघत राहिली. त्यानं हॉस्पिटलचं पत्र काचेखालून सरकवलं आणि काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्यानं बोला."

"मला एपिलेप्सी आहे," तो म्हणाला. मग पेपर चाळणाऱ्या सुनेला कळेल असं, मराठीत, कुणी विचारलं नसताना म्हणाला, "मला फिट येतात. लहानपणापासून."

खोलीत काहीही झालं नाही. एक म्हातारा खोकला. सुनेनं पेपर खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "काळजी घ्या, दादा." फ्राउ लांगेंनी कार्ड यंत्रात घातलं, पत्र वाचलं आणि डॉक्टरांची सही आणायला आत गेल्या. येताना म्हणाल्या, "आता हे तुमच्या नावावर आहे. संपायच्या दहा दिवस आधी ईमेल करा. दहा दिवस, विसरू नका." एवढंच होतं ते. यासाठी सहा दिवसांपूर्वी एक माणूस, त्याची मुलगी आणि किटामधली अकरा मुलं मरता मरता वाचली होती.

औषधाच्या दुकानातून गोळ्यांचं खोकं घेऊन ते बाहेर आले. बाहेर बाक होता. यशोधन बसला. खोकं मांडीवर ठेवून त्यानं मोबाइल काढला.

"वैभवीशी सकाळी बोललो," तो स्वरूपाकडे न बघता म्हणाला. "ती म्हणाली, दादा, मी कधीच सांगितलं असतं, आईनं शपथ घातली होती."

स्वरूपा बाकावर बसली नाही. ईप्सिताचा चांगला हात धरून ती चार पावलांवर उभी राहिली. आखनला फोन लागला. उत्कर्ष लॅबमध्ये असावा, मागे यंत्राची घरघर येत होती.

"उत्कर्ष, मी यशोधन. दोन मिनिटं आहेत का? साखरपुड्याच्या आधी तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी." त्यानं श्वास घेतला. "मला एपिलेप्सी आहे. तेराव्या वर्षापासून. रोज दोन गोळ्या घेतो, त्या चुकल्या म्हणून परवाचा अपघात झाला. शुगर वगैरे काही नव्हती. वैभवीला हा त्रास नाही, पण तुम्ही डॉक्टरांना विचारा, घरच्यांशी बोला, आणि मग ठरवा. काहीही ठरवलंत तरी आम्हाला राग नाही."

पलीकडून उत्कर्ष काय म्हणाला ते स्वरूपाला ऐकू आलं नाही. तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. ती यशोधनचा आवाज ऐकत होती. शांत, सरळ, प्रत्येक शब्द जागच्या जागी. एका परक्या माणसाला, त्याला अजून नाही म्हणता येत असताना, तो हे सगळं सांगत होता. एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी हे एक मिनिट तिचं होतं.

रुग्णवाहिकेच्या दारात, जिन्यात, कुठेच आलं नव्हतं ते रडू तिला त्या फुटपाथवर आलं.

"मामा?" ईप्सितानं आईला जर्मन मुलांसारखी हाक मारली आणि जर्मनमध्येच विचारलं, तुला कुठे दुखतंय?

स्वरूपानं तिला खरं ते सांगितलं.

"बाबानं मला एक गोष्ट सांगायला हवी होती," ती म्हणाली. "त्यानं सांगितली नाही. ते दुखतंय."